ताई, दुखायच्या आधी दिसतं ते

ताई, तुमचं तेरावं झालं. पाहुणे आपापल्या गावी गेले, भाड्यानं आणलेल्या सतरंज्या परत गेल्या, आणि मी अजून घरभर नुसती फिरते आहे. बसले की उठावंसं वाटतं. उठले की कशासाठी उठले ते आठवत नाही. तुमचा भाऊ म्हणतो, "शोभा, एका जागी बस जरा, मला चक्कर यायली तुला बघून." मी बसते आणि पुन्हा उठून गॅसपाशी जाते. चहा टाकते, तो कुणी पीत नाही. आपलं भांडण अर्धं राहिलंय ताई, आणि अर्धं भांडण घेऊन माणसाला बसता येत नाही.

भेटायला आलेल्या प्रत्येकानं एकच वाक्य ऐकवलं. सगळ्यांचं आतलं बघणारी डॉक्टर, स्वतःचं बघायचं तेवढं राहून गेलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रडू आलं, नंतर नंतर चीड यायला लागली. उस्मानपुऱ्यात सोनोग्राफी सेंटरच्या वरच्या खोलीत तुम्ही जेवून झोपलात आणि सकाळी उठला नाहीत. हृदयानं आधी काही कळवलंच नाही, त्यात तुमची काय चूक? शेवटी एका बाईला मी हे तोंडावर बोलून दाखवलं. ती चहा अर्धा टाकून उठून गेली. तुम्ही असता तर गालातल्या गालात हसला असता आणि ती गेल्यावर मलाच रागावला असता.

नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात, आपलंही कुठं पटत होतं. लग्न होऊन मी हर्सूलच्या या घरात आले तेव्हा तुम्ही डॉक्टर झालेल्या, लग्न करायचं नाही म्हणून ठणकावून सांगितलेल्या, आणि सगळं घर तुमच्या धाकात. मी शिवणक्लास काढायचं म्हटलं तेव्हा सगळ्यांच्या आधी तुम्ही हो म्हणालात. आणि तुमच्यासाठी मी शिवलेला पहिला ब्लाउज बाहीत घट्ट होतो म्हणून सगळ्यांच्या आधी परतही तुम्हीच केलात. कौतुक आणि खोट एकाच ताटात वाढायची तुमची पद्धत. मला तुमचा राग यायचा, आणि चार दिवस फोन आला नाही की करमायचं नाही.

ऋतुजाच्या लग्नाचा चुडा आठवतो का? लग्नघर भरलेलं, कासार ओसरीवर टोपली मांडून बसलेला, बायकांची रांग. नवरीचा हात भरून झाला आणि मग नवरीच्या आईचा नंबर. त्यानं माझी बोटं गोळा करून हात आवळला, जसा तो सगळ्यांचाच आवळतो, आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बायका म्हणाल्या, लेक चालली ना परक्या घरी, आईचं काळीज आहे. मीही पदरानं डोळे पुसत तेच खरं असल्याचं सोंग केलं. तुम्ही मात्र खांबाला टेकून उभ्या होतात आणि माझ्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघत होतात.

सगळ्या पांगल्यावर तुम्ही मला मागच्या अंगणात गाठलंत. "शोभे, ते पाणी लेकीचं नव्हतं. सकाळी हात आखडतात का तुझे?" मी म्हटलं, कामाचा हात आहे, कात्री चालवून चालवून दुखतो. सकाळी तासभर मूठ वळत नाही, मग हळूहळू सैल होतो. एक्स-रे काढला होता, त्यात काही निघालं नाही. तुम्ही म्हणालात, "एक्स-रेत हाड खाल्लेलं दिसतं. ते दिसंपर्यंत खाऊन झालेलं असतं. मला खाणारा बघायचाय. उद्या सेंटरला ये."

दुसऱ्या दिवशी राहिलेली एक पत्रिका द्यायच्या निमित्तानं सेंटरला आले, तर तुम्ही म्हणता, बांगड्या काढ. मला घामच फुटला. काल भरलेला हिरवा चुडा, हातात घट्ट बसलेला, फोडल्याशिवाय निघायचा नाही. लग्न तोंडावर आलेलं आणि नवरीच्या आईनं बांगड्या वाढवायच्या? मी खुर्चीवरून उठले. तुम्ही म्हणालात, अंधश्रद्धा. मी म्हटलं, असू द्या. तुम्ही म्हणालात, लई शहाणी हायेस. मी म्हटलं, तुमच्याच घरात राहून झाले. बाहेर बाकावर बसलेल्या पेशंट बायका ऐकत होत्या. मग तुम्ही माझ्या बांगड्या एकेक करून कोपराकडे सरकवल्या आणि खाली घसरू नयेत म्हणून गॉजच्या पट्टीनं बांधून टाकल्या. लग्नघरातल्या बाईचा हात असा बांधलेला बघून मला हसू आलं. तुम्हालाही आलं, पण तुम्ही ते दाखवलं नाहीत.

तुम्ही जेली लावलीत, गार. यंत्राचा प्रोब इतका हलका टेकवलात की टेकलाय की नाही ते कळेना. दाबलं की रक्त पळतं आणि काही दिसत नाही, म्हणालात, पोटाची सोनोग्राफी करणाऱ्यांचा हात इथं चालत नाही. पडद्यावर करड्या रेघा होत्या, मला त्यातलं काही कळत नव्हतं. तुम्ही एक बटण दाबलंत आणि मनगटाच्या एका कोपऱ्यात नारिंगी ठिपके लुकलुकायला लागले. राखेखालचा विस्तव फुंकल्यावर दिसतो तसे. मग बोटाच्या पेरापाशी तसेच दोन. तुम्ही तेच कोपरे पुन्हा पुन्हा बघत राहिलात, आणि तुमचं असं बघणं म्हणजे काय ते मला माहीत होतं.

"सांध्यातली सूज आहे ही, सुरुवात आहे," तुम्ही म्हणालात, "हाड अजून शाबूत हाय. बरं झालं आत्ता दिसलं." बरं झालं म्हणालात, आणि मला तुमचा इतका राग आला. सकाळी तासभर दुखणारे हात घेऊन मी आले होते, आणि संधिवातासारख्या जन्मभराच्या आजाराचं नाव घेऊन परत चालले होते. रक्ताचा रिपोर्टही तेच बोलला. सांध्यांच्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू केली. मी त्याच संध्याकाळी तुम्हाला शपथ घातली. ऋतुजाला यातलं काही कळता कामा नये. तिच्या सासरी कळलं तर पहिला प्रश्न हाच येणार, आईला आहे म्हणजे मुलीलाही होणार का. तुम्ही म्हणालात, होईलच असं नाही. मी म्हटलं, होणारच नाही असं लिहून देता का? ते तुम्हाला देता आलं नाही, आणि मग तुम्ही शपथ घेतलीत. लग्न होईपर्यंत, एवढीच.

लग्न झालं, आणि मी मुदत वाढवली. पहिली संक्रांत होऊ दे. मग तिची नवी नोकरी लागू दे. आता पहिली दिवाळी होऊ दे. तुम्ही दर वेळी कपाळाला हात लावायचात. आपलं खरं भांडण मात्र संक्रांतीच्या आधी झालं, ऋतुजा येणार होती तेव्हा. तुम्ही म्हणालात, तिचे हात एकदा बघून ठेवते. मी म्हटलं, का, काय दुखतंय तिचं? काही नाही दुखत, तुम्ही म्हणालात, म्हणूनच, आज कसे आहेत ते बघून ठेवायचे. धडधाकट पोरीला टेबलावर झोपवून आजार शोधायचा, हे कुठलं शास्त्र ताई? ढेकर आली तरी सोनोग्राफी करायची का माणसानं? सांध्यांचे डॉक्टरसुद्धा माझ्याच बाजूनं होते. तक्रार नसेल तर उगाच बघत बसू नका, नसलेलं काहीतरी दिसतं आणि माणूस घाबरून अर्धं होतं, असं ते तुमच्यासमोर म्हणाले. तुम्ही मान हलवलीत आणि जिना उतरताना पुटपुटलात, "त्याला पोरगी नाय, म्हणून सुचतंय." मी ते ऐकलं होतं. तुम्हाला तरी कुठं पोरगी होती, हे माझ्या जिभेवर आलं होतं, ते मी गिळलं. एवढं एक बरं केलं मी.

उन्हाळा लागेपर्यंत माझा हात मोकळा झाला. एका सकाळी जाड कापडाची थप्पी कात्रीनं कापली आणि कापून झाल्यावर लक्षात आलं की दुखलं नाही. तुम्ही पुन्हा सोनोग्राफी केलीत. ते नारिंगी ठिपके शोधत तुम्ही प्रोब इकडंतिकडं फिरवत राहिलात आणि मग पडदा माझ्याकडे वळवून म्हणालात, "बघ, विझलं." तुमचा चेहरा इतका उजळला होता की मला अवघडल्यासारखं झालं. मी काय म्हटलं माहीत आहे? जेली पुसायला कागद द्या. ताई, आभार मानायचे असतात हे मला कळतं. पण घरच्या माणसाचे आभार मानायची आपल्याकडं रीतच नाही, जेवू घातलं की झालं. मी तुम्हाला त्या आठवड्यात पुरणपोळी आणून दिली. ती कशाची होती ते तुम्हाला कळलं असेल असं धरून चालते.

तुमचा शेवटचा फोनही त्याच भांडणाचा. मी मशीनवर होते, खांद्यानं फोन धरून बोलत होते. तुम्ही म्हणालात, दिवाळीपर्यंत थांबू नको, फोनवर सांगून टाक पोरीला. तुझं तुला लवकर कळलं म्हणून हात वाचले, तिला निदान काय बघायचं ते तरी माहीत असू दे. मी म्हटलं, ताई, आई मी आहे. तुम्ही म्हणालात, "व्हय, आई तूच हायेस. म्हणून तर तुला सांगायले." मी म्हटलं, कुकरची शिट्टी झाली, ठेवते. कुकर लावलेलाच नव्हता. मी काही चूक केली असं मला अजूनही वाटत नाही, पण तो फोन पुन्हा पुन्हा डोक्यात वाजतो आणि मी उठून फिरायला लागते.

ऋतुजा पुण्याहून तुमच्या तेराव्याला आली. जावईबापूंना सुट्टी नव्हती, तुम्हाला पोहोचवायला दोघं येऊन त्याच रात्री परतले होते. ती चार दिवस राहणार म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला पिठाचा डबा काढून देत होती, तर झाकण उघडेना. तिनं ते तळहातानं, मनगट वाकडं करून उघडलं. मी बघितलं. मग दिसलं की लग्नातली अंगठी बोटात नाही, गळ्यातल्या साखळीत ओवली आहे. "सकाळी घट्ट होते गं मम्मी," ती म्हणाली, "तिथलं पाणी मानवेना. दुपारपर्यंत होते सैल." दुपारपर्यंत होते सैल. ताई, माझाही हात असाच हळूहळू सैल व्हायचा.

त्या दिवशी मी तुमच्यासारखी वागले. तिला जवळ बसवलं, हात हातात घेतला, गप्पा मारत मारत तिच्या बोटांच्या मुळाशी आडवा दाब दिला, तुम्ही मला द्यायचात तसा. तिनं चटकन हात ओढून घेतला. "काय करायलीस, दुखतं ना." आणि माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. चुडा, नारिंगी ठिपके, आठवड्याची गोळी, तुम्हाला घातलेली शपथ. एवढे महिने शब्द जुळवत होते, तर ते जुळलेच नाहीत, तसेच सांडले. मला वाटलं, ती रडेल, नाहीतर भांडेल. तिनं विचारलं, "म्हणून आत्यानं माझा हात बघितला होता का?"

मी म्हटलं, कधी?

संक्रांतीला. तिला जेवायला बोलावलंत, खाली सेंटरमध्ये नेलंत आणि म्हणालात, शिकायला आलेल्या डॉक्टर पोरींना दाखवायला एक चांगला हात पाहिजे, तुझा देतीस का. तिनं हसत हसत दिला. दोन्ही हात बघितलेत, मनगटं, एकेक पेर. तिनं विचारलं, आत्या, आहे का चांगला? तुम्ही म्हणालात, "एक नंबर. असाच ठेव. आणि सकाळी कधी आखडला, अंगठी घट्ट झाली, तर आधी मला फोन करायचा, मम्मीला नाय." पोरीनं ते तुमचं नेहमीचं बोलणं समजून सोडून दिलं. आणि आता अंगठी घट्ट झाली तर फोन करायला तुम्हीच नव्हता, म्हणाली, आणि मग रडली.

मला काय वाटलं ते कसं सांगू. पहिल्यांदा अंगाचा तिळपापड झाला. लबाड बाई. माझ्या तोंडावर मान हलवली, आणि माझ्याच लेकीला तिळगूळ खाऊ घालून माझ्या मनाविरुद्ध टेबलावर झोपवलं. शपथ मोडली म्हणावं, तर तीही मोडली नाही, माझ्या आजाराचा शब्द काढला नाहीत. तिला घाबरवलंही नाही. मला कळलं असतं तर मी वर्षभर तुमच्याशी बोलले नसते, हे माहीत असून केलंत. मी अंगणात जाऊन मोठ्यानं म्हटलं, ताई, तुम्ही लई शहाण्या हाय. शेजारीण भिंतीवरून डोकावली. म्हटलं, काही नाही, मांजर होतं.

दुसऱ्या सकाळीच आम्ही उस्मानपुऱ्याला गेलो. तुमच्या खुर्चीवर आता डॉक्टर नौशीन बसते, तुमच्याकडं शिकलेली. मला बघून उठून उभी राहिली. मी पुढं काही सांगायच्या आत ऋतुजाचं नाव ऐकूनच तिला कळलं. "मॅडमनं हा हात आम्हाला हर बार दाखवला, आंटी. नॉर्मल म्हणजे असं, म्हणायच्या." तिनं संक्रांतीचं चित्र काढलं, काळं-करडं, स्वच्छ. मग ऋतुजाच्या हाताला जेली लावली. तुमच्यासारखाच हलका हात आहे तिचा. मी पडद्याकडे बघत नव्हते, तिच्या तोंडाकडे बघत होते. तिचा प्रोब एका जागी थांबला. तेव्हा मी पडदा बघितला. डावीकडं संक्रांत, उजवीकडं आज. आज एका पेरापाशी एक बारीक ठिपका होता, दुसरा मनगटात, दिसेल न दिसेल असा. "नवीन आहे," ती म्हणाली, "पहले ये नहीं था. मॅडमचं चित्र नसतं तर मी म्हटलं असतं, थोडं थांबून बघू. आता थांबायचं नाही."

सांध्यांचे डॉक्टर आता माझ्या बाजूनं बोलले नाहीत, तुमच्याही नाही. त्यांनी दोन्ही चित्रं बघितली आणि रक्त द्यायला सांगितलं. मूल कधी हवंय ते ऋतुजाला सरळ विचारलं, कारण माझी गोळी त्या काळात चालत नाही. दुसऱ्या गोळ्या आहेत, त्याही चांगल्या आहेत, म्हणाले. मी खुर्चीत चुळबुळ करत होते. ती शांत होती. घरी येऊन तिनं जावईबापूंना फोन लावला, माझ्यासमोर, स्पीकरवर. "अरे, माझ्या हातात सांध्यांचा आजार निघालाय. अगदी सुरुवात आहे. मम्मीलाही आहे." मी दाराच्या आड सरकले. लग्नापासून मी ज्या वाक्याला भीत होते ते इतकं छोटं होतं. पलीकडून तो म्हणाला, "आत्ता दुखतंय का? मी येऊ का न्यायला?" बाकीचे लोक काय म्हणतील ते म्हणतील. म्हणू देत.

ताई, ऋतुजा दिवाळीला येणार होती. तोवर ती पाण्याला दोष देत राहिली असती, आणि मी फोनवर म्हटलं असतं, हवा बदलली की होतं तसं. ती आत्ता आली ती तुमच्या तेराव्याला. तुम्ही गेलात म्हणून ती आली, आणि आली म्हणून मला दिसलं. आज दिवसभर हे मी या खोलीतून त्या खोलीत घेऊन फिरते आहे, तुमच्या भावासमोर ते बोलता येत नाही. लवकर कळलं याचा मला आनंद झालाय, खरंच झालाय, आणि झाला की लगेच स्वतःचीच लाज वाटते. आपलं भांडण तुम्ही जिंकलात. पण हे असं नव्हतं जिंकायचं ताई. समोर बसून जिंकायचं होतं. मी हरले असते.